फोन लागेल, पण डब्यात औषध आहे का?

वाचकाचं पत्र

सिस्टर, नमस्कार. माझी धाकटी बहीण पाटोदा तालुक्यातल्या एका वस्तीवर राहते. तिचा मुलगा १२ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याजवळ हाडाचा कॅन्सर निघाला. केमो झाली, ऑपरेशन झालं, आता फुफ्फुसात पसरलाय. बरं करणारा उपचार आता उरला नाही, त्रास कमी करणारा देऊ, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. तिथल्या पॅलिएटिव्ह विभागाने एक मोबाइल नंबर दिला. ‘घरी न्या, फोनवर बोलत राहू, लागलं तर व्हिडिओ कॉल करू,’ म्हणाले. मेहुणे ऊसतोडीसाठी घेतलेली उचल फेडायला अर्धा कोयता म्हणून, म्हणजे जोडीशिवाय एकटेच, कोल्हापूरकडे गेलेत. बहिणीकडे बटणांचा फोन आहे. माझा जुना स्मार्टफोन मी भाच्याला दिलाय. घरातली मोठी माणसं म्हणतात, दवाखान्याने हात वर केले आणि नंबर देऊन कटवलं. फोनवरून कुठे उपचार होतात का? पुण्या-मुंबईला अशा मुलांना ठेवून घेणाऱ्या जागा असतात म्हणे, तिकडे न्यावं का?

आणि एक. परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला : ‘मावशी, गुगलवर लिहिलंय असा पसरला तर वाचत नाहीत. खरंय का?’ निळ्या टिका गेल्यात. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

— एक मावशी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर

मावशी, तुम्ही तशीच सही केलीत म्हणून मीही तसंच म्हणते. हे उत्तर पुढे वाचण्याआधी फोन हातात घ्या आणि त्याला एवढंच पाठवा : ‘तुझा मेसेज वाचला. उत्तर द्यायला उशीर झाला, चुकलं माझं. शनिवारी येते, आपण दोघंच बोलू. तोवर कधीही फोन कर.’ शनिवार जमणार नसेल तर जो वार जमेल तो लिहा, पण लिहिलेला वार पाळा. बाकीचं नंतर बोलू.

पाठवलंत? बरं.

आता तो नंबर. तुमच्या घरच्यांचा राग मला परका नाही. पंचवीस वर्षं मी घरोघरी जाऊन अशा मुलांची शुश्रूषा केली आणि निम्म्या घरांत पहिलं वाक्य हेच ऐकलं, ‘आम्हाला घालवून दिलं.’ पॅलिएटिव्ह केअर हा शब्दच असा, की कुणी तो नीट उलगडून सांगत नाही, आणि मग लोक त्याचा अर्थ ‘आता काही करायचं नाही’ असा लावतात. खरं तर करायचं पुष्कळ असतं. दुखणं, दम, उलट्या, झोप, बद्धकोष्ठ, भीती, आईची पाठ, बापाचं कर्ज. रोग तेवढा हटत नाही. आणि हे सगळं जिथे मूल राहतं तिथेच करावं लागतं. म्हणून नंबर देणं म्हणजे कटवणं नव्हे. पण नंबर देऊन झाला म्हणजे काम झालं, असंही नव्हे. तुम्हाला दिलेला नंबर खरा चालतो की नुसता कागदावर आहे, हे तुम्हीच तपासून घ्यायचं.

तपासायचं कसं, तर सगळं ठीक असताना, भर दुपारी फोन लावून. कोण उचलतं? सिस्टर, समाजसेविका की डॉक्टर? रात्री आणि रविवारी हाच नंबर चालतो का, नसेल तर मग कुठला? आपण कुणाबद्दल बोलतोय हे त्यांना ओळखू यावं म्हणून केस पेपरचा नंबर सांगा. बोलणं आईने करावं, तुम्ही नाही. घाबरलेल्या माणसाला रात्री दोन वाजता अनोळखी आवाजाशी पहिल्यांदा बोलता येत नाही. दिवसा दोनदा बोलून झालं असेल तर येतं.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. फोनवरून सल्ला येतो, औषध येत नाही. ऐकायला बाळबोध वाटेल, पण मी हे एका मुलीच्या घरी शिकले. डोंगरातली वाडी होती, पोरगी नऊ वर्षांची. मध्यरात्री दुखणं उसळलं, बापाने टेकडीवर जाऊन फोन लावला, पहिल्या झटक्यात लागला, डॉक्टरांनी उचलला आणि शांतपणे सांगितलं, ‘जादा डोस द्या.’ गोळ्यांची पट्टी आदल्या दिवशीच संपली होती. आठ दिवसांची शिल्लक उरली की पुढच्या गोळ्यांची सोय करायची, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. तेव्हापासून मी कुठल्याही घरात पहिल्यांदा औषधांचा डबा उघडून बघते, फोन नंतर.

ते औषध म्हणजे बहुतेक वेळा मॉर्फिन. तुमच्या भाच्याला आज लागत असेल किंवा उद्या लागेल. मोठ्या दुखण्यावर मुलांना द्यायचं हे मुख्य औषध आहे आणि फुफ्फुसामुळे दम लागतो तेव्हाही ते उपयोगी पडतं. मात्र ते अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली येतं. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने फोनवरून डॉक्टरी सल्ला देण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत या कायद्याखालची औषधं फोनवरून लिहून द्यायला मनाई आहे. म्हणजे व्हिडिओवर डॉक्टर कितीही मोठे असोत, मॉर्फिनची चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर येणार नाही. आली तरी तुमच्या नाक्यावरचा मेडिकलवाला देणार नाही, त्याच्याकडे ते नसतंच. २०१४ साली कायदा थोडा सैल झाला आणि मान्यता मिळालेल्या रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, पण अशी रुग्णालयं तालुक्या-तालुक्याला नाहीत.

म्हणून पहिल्या फोनवर हे विचारा : ‘आमच्या जवळ मॉर्फिन कुठे मिळेल, आणि तिथल्या डॉक्टरांच्या नावाने तुम्ही पत्र द्याल का?’ बीडकडच्या लोकांना मी आधी बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात चौकशी करायला सांगते. तुम्ही संभाजीनगरला असल्याने तिथल्या शासकीय कॅन्सर रुग्णालयातही स्वतः जाऊन विचारू शकता. दर वेळी मुलाला न्यायची गरज आहे का, की नातेवाइकाने फाइल नेली तरी चालेल, हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी चालतं. पाटोद्याहून मुंबईच्या गाडीत त्या पोराला बसवून केवळ गोळ्यांसाठी नेणं म्हणजे गोळ्यांनी जे कमावलं ते रस्त्यात घालवणं.

एवढं झालं की मग फोन खरा कामाचा. आणि इथे तुमच्या बहिणीचा बटणांचा फोन तुमच्या स्मार्टफोनपेक्षा सरस आहे. त्याला गजर आहे, चार्जिंग चार-पाच दिवस टिकतं, आणि भाऊ-भाचे तो खेळायला मागत नाहीत. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास राहतो, म्हणून ती दुखायची वाट न बघता घड्याळावर द्यायची असते. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० असे पाच गजर लावून द्या. रात्रीचा डोस बहुधा डॉक्टर वाढवून देतात, म्हणजे आई आणि मूल दोघंही झोपतात. मात्रा डॉक्टर सांगतील तीच, वजनावर ठरते, शेजारच्या पोराची याला चालत नाही. सोबत पोट साफ होण्याचं औषध रोज हवंच. मुंबईहून आलेल्या चिठ्ठीत ते नसेल तर फोन करून मागून घ्या. सुरुवातीला दोन-तीन दिवस गुंगी येते, मग बहुतेकांची उतरते. ‘सवय लागेल’ म्हणून सासूबाई गोळी लपवतील. मी लपवलेल्या गोळ्या पिठाच्या डब्यातून काढल्यात. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने मूल व्यसनी होत नाही, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून, स्पीकरवर, ऐकवा.

व्हिडिओ कॉलचं मला फार कौतुक नाही. वस्तीवर रेंज येते-जाते. डॉक्टरांचा चेहरा मध्येच गोठतो, आवाज तुटतो, आणि आईला वाटतं काहीतरी वाईट सांगितलं असणार. त्यापेक्षा आधी पाठवून ठेवलेला छोटा व्हिडिओ बरा. मूल शांत पडलेलं असताना अर्धा मिनिट छाती-पोट दिसेल असा, अंगावरचा शर्ट वर करून. श्वास किती वेगाने चाललाय, फासळ्या आत ओढल्या जातायत का, हे सिस्टर त्यावरून मोजू शकतात, आणि रेंज आली की तो आपोआप जातो. सोबत आईचा व्हॉईस मेसेज : काल दुखणं दहापैकी किती होतं, जादा डोस किती वेळा लागला, झोप, जेवण, शी. तुमचा भाचा १२ वर्षांचा आहे, दहापैकी आकडा तो स्वतः सांगेल. त्यालाच सांगू द्या. लहानग्यांसाठी हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहऱ्यांचं चित्र वापरतात, पण मोठ्या पोरांना ते चित्र दाखवलं की चिडतात. ‘मी काय बालवाडीत आहे का?’ असं एकाने मला ऐकवलं होतं.

व्हिडिओ काढण्याआधी त्याला विचारा. ‘डॉक्टरांना दाखवायला काढू का?’ तो नको म्हणाला तर नको, सिस्टर तोंडी वर्णनावर भागवतील. आणि काढलेला फक्त त्या एका नंबरवर जाऊ द्या. तुमच्या पत्राच्या मागच्या पानावर, मी वर छापला नाही तो भाग, एका चुलतभावाने ६० जणांच्या ग्रुपवर भाच्याचा केस गेलेला फोटो आणि ‘मदतीचं आवाहन’ टाकल्याचं लिहिलंय. मदत मागण्यात गैर काही नाही. पण तो फोटो ज्याचा आहे त्याच्या हातात फोन आहे, मावशी! त्याने तो पाहिला नसेल असं तुम्हाला वाटतं? चुलतभावाला आजच काढायला सांगा. त्याच ग्रुपवर येणारे गोमूत्र, कुठल्याशा पाल्याचा रस, ‘अमुक बाबा कॅन्सर उतरवतात’, हे तुम्ही थांबवू शकणार नाही. पण बहिणीला त्यापासून दूर ठेवू शकता. तिचा फोन बटणांचा आहे हे इथेही बरंच.

मेहुण्यांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. मला ते जास्त महत्त्वाचे वाटतात. फडावरच्या बापाला बायकोकडून कळतं, तेही चार दिवसांनी, आणि मग ‘तू नीट विचारलंच नसशील’ हे तिच्या वाट्याला येतं. डॉक्टरांशी बोलायच्या वेळी त्यांना कॉन्फरन्सवर घ्या. वेळ संध्याकाळची मागा, गाडी भरून झाल्यावरची. बापाने हे स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं, आणि डॉक्टरांना एक प्रश्न त्यांनीच विचारायला हवा : ‘मी आत्ता निघून येऊ का?’ डॉक्टर तारीख सांगत नाहीत, सांगूही नये. पण ‘काही महिने’ की ‘काही आठवडे’ एवढं बहुतेक जण सांगतात. उचल मुकादमाशी बोलून पुढच्या हंगामावर ढकलता येते, तशी लोकांनी ढकललेली मी पाहिली आहे. मुकादमही बहुधा बापच असतो.

गावातल्या आरोग्य केंद्राला विसरू नका. मुंबई फोनवर असली तरी हात लावून बघणारं माणूस तिथेच आहे. आशाताईंना घरी बोलवा, उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना सगळी फाइल दाखवा. त्यांच्याकडून सरकारच्या ई-संजीवनीवर डॉक्टरांशी फुकट बोलता येतं. ताप, उलटी, जुलाब, तोंडातले फोड यांसाठी ते पुरतं. पॅलिएटिव्हचा जाणकार तिथे भेटेलच असं धरून चालू नका. त्याऐवजी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना मुंबईचा नंबर द्या आणि दोघांचं एकदा बोलणं करून द्या. तालुक्याचे डॉक्टर मॉर्फिनला घाबरतात ते वाईट असतात म्हणून नव्हे, त्यांना कुणी शिकवलेलं नसतं म्हणून. दूरच्या तज्ज्ञाने गावातल्या डॉक्टरला पडद्यावरून शिकवायचं, ही पद्धत २००३ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराच्या रुग्णांसाठी सुरू केली. आपल्याकडे हैदराबादहून मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचे वर्ग तसेच भरतात. तुमच्या डॉक्टरांना तेवढ्या वर्गांचीही गरज नाही. दहा मिनिटांचा एक फोन झाला तरी रात्री दार वाजवल्यावर ते ‘मुंबईलाच न्या’ म्हणणार नाहीत.

काही गोष्टींत मात्र मेसेज पाठवून थांबू नका. छातीत एका बाजूला अचानक कळ येऊन दम लागला, खोकल्यातून रक्त आलं, झटके आले, किंवा सांगितलेले जादा डोस देऊनही दुखणं हटेना, तर थेट कॉल, त्या नंबरवर आणि गावच्या डॉक्टरांना. दम लागल्यावर उठून बसवा, पाठीला गोधड्यांचा तक्क्या, खिडकी उघडी, तोंडावर हाताने वारा घाला. पंख्याचा वारा चेहऱ्यावर लागला की दम खरंच कमी वाटतो, ही माझी समजूत नव्हे, अभ्यासांतून आलेली गोष्ट आहे. आणि घरात सगळे शांत असताना एकदा ठरवून ठेवा, की अशा वेळी १०८ बोलवायची का. बोलवली तर ती दवाखान्यात नेणार, ते तिचं कामच आहे. पोराला शेवटी कुठे असायचंय, हे आधी बोललेलं असलं तर दारात गाडी उभी असताना भांडणं होत नाहीत.

त्यावरून ठेवून घेणाऱ्या जागांचं. अशा जागा आहेत, पण मुलांसाठी खास अशा फार थोड्या. जगातलं मुलांचं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात शुश्रूषा करणारी जागा, १९८२ मध्ये ऑक्सफर्डला निघालं, आणि तेही मूल कायमचं ठेवण्यापेक्षा घरच्यांना अधूनमधून विसावा मिळावा म्हणून. मुंबईत सायनला हॅपी फीट होम मुलांसाठी चालतं, पण तिथे रात्री ठेवून घेतात का ते आधी विचारा. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे. कॅन्सरच्या रुग्णांकडून तिथे पैसे घेत नाहीत. तुम्हाला पुणं जवळ. त्यांच्याकडे आत्ताच फोन करून मुलाची माहिती देऊन ठेवा. कायमचं न्यायला नव्हे. दुखणं घरी आवरेनासं झालं तर आठ-दहा दिवस जाऊन, औषध बसवून परत येता येईल का, हे विचारायला. न्यायचं की नाही हे मी सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. भाच्याला विचारा. मला आत्तापर्यंत भेटलेल्या गावाकडच्या पोरांतल्या बहुतेकांना घरच हवं होतं, पण एकाला दवाखानाच हवा होता, कारण तिथे रात्री लाइट जात नव्हती.

आता शनिवार.

त्याने हे आईला विचारलं नाही, बापाला नाही, डॉक्टरांनाही नाही. रात्री साडेअकराला, आई झोपल्यावर, तुम्हाला विचारलं. आईला सांभाळतोय तो. ही पोरं घरच्यांना वाटतं त्याच्या पुष्कळ आधी सगळं ओळखून असतात, आणि मोठ्यांनी खोटं बोलू नये म्हणून तेच खोटं वागतात. तेव्हा जायच्या आधी बहिणीला आणि मेहुण्यांना फोन करून सांगा, ‘त्याने मला असं विचारलंय, मी त्याच्याशी खोटं बोलणार नाही.’ त्यांची तयारी नसेल तर डॉक्टरांना किंवा सिस्टरना त्याच फोनवर मदत मागा. पोराशी कसं बोलावं हे सांगणं त्यांच्या कामाचाच भाग आहे. पण नको-नको करत शनिवार चुकवू नका.

फोनवर नाही, मेसेजवर तर नाहीच. शेजारी बसून. आधी त्यालाच बोलतं करा : ‘काय वाचलंस? दाखव मला.’ बऱ्याचदा त्याने वाचलेलं अर्धं चुकीचं असतं आणि भीती दुसऱ्याच गोष्टीची असते. एका मुलाला मरणाची भीती नव्हती, गुदमरण्याची होती. दम लागला तर आपल्याकडे कुठलं औषध आहे हे त्याला डबा उघडून दाखवलं, त्या रात्री तो झोपला. तुमचा भाचा नेमकं ‘मी बरा होणार का’ असं विचारेल तर सांगा : ‘हा आजार घालवणारं औषध आता डॉक्टरांकडे नाही. पण दुखू नये, दम लागू नये यासाठी आहे, आणि ते आपण देत राहणार. तुला एकटं ठेवणार नाही.’ मग गप्प बसा. तो रडेल, चिडेल, किंवा ‘बरं’ म्हणून गेम लावेल. गेम लावला तर शेजारी बसून बघा तो कसा खेळतो. मुलं एका वेळी थोडंच घेतात, मग खेळतात, मग चार दिवसांनी पुढचं विचारतात.

फोन काढून घ्यावा का, असं कुणीतरी घरात म्हणणारच. काढू नका. शाळेत जाणं बंद झाल्यापासून मित्र तेवढ्यातूनच उरलेत. गुगल केलं म्हणून फोन काढला, तर विचारलं म्हणून शिक्षा झाली असं त्याला वाटेल.

तुमचं काय, हेही विचारते. रात्री झोप लागत नसेल, कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ वर दिवसरात्र असते, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. बहिणीच्या फोनमध्येही तो नंबर भरून ठेवा.

जाताना सोबत डिस्चार्ज कार्डाच्या दोन झेरॉक्स न्या, एक आशाताईंना. नंबर तिघांचे, मुंबईचा, गावच्या डॉक्टरांचा आणि तुमचा, मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहा. फोन हरवतो, भिंत हरवत नाही. आणि दोन्ही फोनला रिचार्ज मारून द्या. मुदत संपून काही दिवस गेले की येणारे कॉलही बंद होतात, आणि सिस्टरचा उलट फोन नेमका तेव्हाच येतो. दुकानात २८ दिवसांचा मारू की ८४ दिवसांचा, असं विचारतील. ८४ चाच मारा.